जुन्या थंडरबर्डची कॅफे रेसर: करावी की करू नये?

सह्यवेडा
नमस्कार मंडळी. घरात २०११ची रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड ट्विनस्पार्क आहे, ३५०. दादाने नवी घेतली होती, तो नाशिकला गेल्यापासून माझ्याकडेच आहे. इंजिन ठणठणीत, तेलाचा थेंब गळत नाही (हो, खरंच. हसू नका). पण दिसायला आता थकलीये. क्रोम उडालंय, सीट फाटलीये, मागचा मडगार्ड खालून गंजलाय.

एका गॅरेजवाल्याने कॅफे रेसर (जुन्या इंग्लिश धाटणीची, वाकून चालवायची सुटसुटीत गाडी) करून द्यायचे ८० हजार सांगितलेत. त्यात क्लिप-ऑन हँडल (थेट फोर्कच्या नळ्यांना लावायचं, बुटकं), मागून चेसिस कापून कुबडवाली सिंगल सीट, नावापुरता मडगार्ड, गोल एलईडी हेडलाइट, आखूड सायलेन्सर, जाड टायर आणि टाकीला मॅट काळा रंग. दीड महिन्यात गाडी हातात. त्याने आधी केलेल्या गाड्यांचे फोटो बघून झोप उडालीये.

वापर: रोज कोथरूड ते हिंजवडी, रविवारी मुळशी नाहीतर ताम्हिणी, कधीमधी बायको मागे. पैसे ओढूनताणून जमतील. १५ वर्षं होतायत म्हणून री-पासिंगही यंदाच करायचंय. अनुभवी लोकांनी बोला, चांगलं-वाईट दोन्ही.

बिनसायलेन्सर
करून टाक भावा! विचार करत बसलास तर पन्नाशीला स्कूटर घेशील. माझी स्प्लेंडरची कॅफे रेसर आहे. सिग्नलला लोक काच खाली करून विचारतात, कुठली इम्पोर्टेड आहे म्हणून. तो आनंद शोरूममध्ये मिळत नाही.

मृण्मयी_क
"कधीमधी बायको मागे" आणि "कुबडवाली सिंगल सीट" हे एकाच पोस्टमध्ये कसं काय? हलके घ्या, पण तिला विचारलंय का?

नानापेठकर
सह्यवेडा, आधी एक ठरव. तुला कॅफे रेसर दिसायला हवीये की चालवायला?

हा प्रकार जन्मला लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर आणि तसल्या रस्त्यांवरच्या चहाच्या अड्ड्यांवर. तिथला एस कॅफे १९३८चा, मुळात ट्रकवाल्यांसाठी रात्रभर उघडा असणारा. युद्धानंतर, पन्नास-साठच्या दशकात, तिथे मोटरसायकलवाली पोरं जमायला लागली. ताशी १०० मैल गाठायचे हे एकच वेड. खिशात फार पैसे नाहीत, म्हणून वेगाच्या आड येईल ते काढून टाकायचं: मोठे मडगार्ड, मागची सीट, उंच हँडल. त्यातले जास्त हुशार होते ते नॉर्टनच्या फेदरबेड चेसिसमध्ये ट्रायम्फचं दोन सिलिंडरचं इंजिन बसवायचे, त्या गाडीला ट्रायटन म्हणत. वळायला चेसिस एकाची, पळायला इंजिन दुसऱ्याचं. ते रूप या खटपटीतून आलं, आधी रूप ठरवून कुणी गाडी कापली नव्हती. पुढे एनफिल्डनेच साठच्या दशकात इंग्लंडमध्ये कॉन्टिनेंटल जीटी नावाची २५० सीसीची गाडी कारखान्यातूनच तशी काढली.

आता तुझी थंडरबर्ड. ३४६ सीसी, वीसच्या आसपास हॉर्सपॉवर. हँडल खाली गेलं म्हणून ती जास्त पळणार नाही. त्यात ती मुळातून क्रूझर. फूटरेस्ट पुढे, सीट खोलगट, टाकी मागे उतरती. तिला क्लिप-ऑन लावले की हात खाली आणि पाय पुढे, माणूस स्टेपलरसारखा दुमडतो. मग फूटरेस्ट मागे घ्यावे लागतात, त्याच्यासोबत गिअरचं लिव्हर आणि मागच्या ब्रेकचं लिंकेज. तुझ्या गॅरेजवाल्याच्या यादीत रिअरसेट (हा मागे घेतलेल्या फूटरेस्टचा संच) दिसत नाहीत, ते विचार. वाकून बसलेल्या माणसाला समोरच्या वाऱ्याचा आधार मिळतो तो ८०-९०च्या पुढे. त्याच्या खाली सगळा भार मनगटांवर. आणि हिंजवडीच्या रस्त्यावर ऑफिसच्या वेळेला ८० कुणी गाठलंय?

टाकीचा तळ आणि सीट एका आडव्या रेषेत आली की ही गाडी डोळ्याला बरी दिसते. थंडरबर्डवर ती रेषा आणायची तर चेसिसमध्येच लुडबुड करावी लागते. इलेक्ट्रा किंवा साधी बुलेट असती तर मी इतकं ताणलं नसतं.

ताम्हिणीकर
वरच्या प्रतिसादाला मोदक (म्हणजे अनुमोदन). वाचतोय.

उद्यमनगर_मिस्त्री
मी कोल्हापुरात लेथ आन् वेल्डिंगचं काम करतो. बुलेटच्या चेसिस येत्यात आमच्याकडं, निम्म्या दुसऱ्या कुणीतरी कापून बिघडवलेल्या. सह्यवेडा साहेब, तुमच्या यादीत बाकी सगळं एकीकडं, "मागून चेसिस कापून" हे एकीकडं.

बघा, शॉकॉब्सरचं वरचं टोक जिथं बोल्टनं बसतंय तिथपर्यंतचा सांगाडा गाडीचा आन् माणसाचा भार झेलतोय. त्याच्या मागं उरतंय ते मडगार्ड, टेललाइट आन् कॅरिअरपुरतं. तो मागचा तुकडा काढून तिथं गोल वाकवलेली पाइप जोडली तर एकवेळ समजू शकतो, ते बी काम नीट झालं तर. पण सीट बारीक दिसावी म्हणून शॉकॉब्सरचा माउंटच पुढं सरकवलेला, कोपऱ्यातल्या आधाराच्या पट्ट्या काढून टाकलेल्या, असलं बी बघितलंय. तिथं आम्ही हात जोडतो.

नीट म्हंजे कसं? जोडायच्या पाइपच्या आत दुसरी पाइप घट्ट बसवायची, दोन्ही अंगाला इंच-दीड इंच आत जाईल अशी. बाहेरच्या पाइपला भोकं पाडून तिथनं आतल्या पाइपला वेल्ड मारायचा, मग सांधा भरायचा. होतंय काय, दोन टोकं नुसती एकमेकाला टेकवून वेल्ड मारत्यात आन् दिसायला गुळगुळीत पाहिजे म्हणून वरनं ग्राइंडर फिरवत्यात. सांध्याला ताकद देणारं मटेरियलच घासून टाकलं की हो! वर पुट्टी, वर पावडर कोटिंग. एकदम झ्याक. मग कधीतरी खड्ड्यात गाडी जोरात बसती, रंगाला केसाएवढी चीर पडती, आन् पावसात त्या चिरेतनं तांबडं पाणी उतरतंय. मालक रंगवाल्याशी भांडतोय. चीर रंगाची नसतीच, सांध्याची असती.

म्हणून रंगाला जायच्या आधी चेसिस उघडी बघायला मागा. जो दाखवत न्हाई त्याच्याकडनं गाडी उचलून आणा.

दुसरं, चेसिस नंबर. पासिंगला आरटीओत त्या नंबरावर कागद धरून पेन्सिलनं छाप घेत्यात. ब्लास्टिंग करून (म्हंजे वाळूच्या माऱ्यानं जुना रंग काढून) वर जाड पावडर कोट बसला की आकडे बुजत्यात, छाप उठत न्हाई. मग गाडी तुमचीच हाय हे कागदं घेऊन सांगत फिरा. ब्लास्टिंगला द्यायच्या आधी नंबरावर टेप मारायला सांगा, आन् स्वतः उभं ऱ्हावून बघा.

तिसरं, जाड टायर. मूळ मापापेक्षा लई जाड टायर मागं घातला की साखळी टायरला घासती. मग चाकच एका अंगाला ओढून बसवत्यात. पुढचं-मागचं चाक एका रेषेत ऱ्हात न्हाई, गाडी सारखी एका बाजूला ओढती. आन् ते जुन्या नक्षीचे चौकोनी ठोकळ्यांचे टायर, फोटोत नाद खुळा! ओल्या डांबरावर मात्र मी त्यांच्यावर भरवसा ठेवणार न्हाई. ताम्हिणीत जाणार म्हणताय म्हणून बोललो.

सह्यवेडा
मिस्त्री, दंडवत घ्या. हे गॅरेजमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. नानापेठकर, रिअरसेटचं विचारलं. "ते वेगळे लागतील, १२-१३ हजार" म्हणाला.

मृण्मयी_क
लागतील तसतसं कळत जातं. आमच्याकडे नवऱ्याने ॲव्हेंजरची बॉबर (मडगार्ड छाटलेली गाडी) करून घेतली. दीड महिना म्हणाले होते, दिवाळीला गेलेली गाडी होळीनंतर आली. मागचा मडगार्ड वीतभर. पहिल्या पावसात ऑफिसला पोचला तेव्हा कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा सरळ पट्टा, लॅपटॉपच्या बॅगेसकट. आता पावसाळ्यात तो माझी ॲक्टिव्हा नेतो आणि मी रिक्षाने जाते. गाडी देखणी आहे हे मान्य. पार्किंगमध्ये पोरं सेल्फी काढतात.

पक्षकार
कायद्याचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवरचा तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ आणखी आवळला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-ए आलं. नियमाबाहेरचा बदल करणाऱ्या मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द दोनदा वाचा आणि मग सह्यवेडाची यादी वाचा.

रंग बदलता येतो, पण आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची. सायलेन्सरबद्दल: १७५ सीसीच्या वरच्या दुचाकींना मान्यता देताना आवाजाची मर्यादा ८० डेसिबल धरलेली आहे. आतली जाळी काढलेला आखूड पाइप तिच्यात बसेल असं मला वाटत नाही. आणि आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते शोभेचं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागच्या माणसाला धरायला आधार, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारं संरक्षण लागतं. बहुतेक कॅफे रेसरमध्ये या तिन्ही गोष्टी सगळ्यात आधी जातात.

विम्याचं सगळ्यात अवघड. बदल कळवलेले नसतील तर अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी आणि कागद ताडून बघतो आणि तिथे दावा अडकू शकतो.

बिनसायलेन्सर
आले कायदा घेऊन. मला आजवर कुणी अडवलेलं नाही. खड्डे बुजवायला पैसे नाहीत आणि आमच्या मडगार्डची मापं काढायला वेळ आहे. उद्या हेल्मेटचा रंगही विचारा.

पक्षकार
अडवलं नाही आणि चालतं, यात फरक आहे. पुण्या-नागपुरात जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावरून रोडरोलर फिरवल्याचे फोटो पेपरात आलेले आहेत. खड्ड्यांबाबत सहमत.

नानापेठकर
बिनसायलेन्सर, राग नको मानूस, पण तुझं नावच पुरावा म्हणून लावतील.

बिनसायलेन्सर
ज्यांनी आयुष्यात गाडी बाजारातून आणली तशीच भंगारात घातली, त्यांनी मला शिकवू नये.

संपादक
विषयावर राहा. यापुढचे व्यक्तिगत प्रतिसाद उडवले जातील.

कार्ब्युरेटर_काका
एक गोष्ट राहिली. या गाड्यांमध्ये सीटखालचा त्रिकोण मोकळा दिसायला हवा असतो, आरपार. तो मोकळा करायला एअरफिल्टरचा डबा काढतात आणि कार्ब्युरेटरला थेट कोन फिल्टर लावतात. तुझ्या गाडीचा कार्ब्युरेटर सीव्ही प्रकारचा आहे, त्यातली स्लाइड हवेच्या दाबावर वरखाली होते. डबा काढला की हवेचं गणित बदलतं आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. लक्षणं: थ्रॉटल उघडल्यावर गाडी क्षणभर गुदमरते, सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट, प्लग काढला तर पांढराफटक, इंजिन नेहमीपेक्षा तापतं. गॅरेजवाला म्हणतो "सेट होईल". सेट होत नाही. जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे) बदलून, प्रत्येक वेळी प्लग बघून बसवावं लागतं, आणि ते करणारा माणूस आणि टाकीला रंग मारणारा माणूस सहसा एक नसतो. उघडा कोन पावसात पाणीही ओढतो.

डबा गेला की बॅटरीही बेघर होते. मग सीटच्या कुबडात नाहीतर स्विंगआर्मजवळ (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याजवळ) पत्र्याच्या पेटीत. वायरिंग तोडून-जोडून, टेप गुंडाळून. अशा गाडीत सहा ठिकाणी वायरी नुसत्या पिळून टेप मारलेल्या सापडतात. सोल्डर नाही, कनेक्टर नाही. रात्री मधेच हेडलाइट जातो तो तिथून.

२०२०नंतरच्या, बीएस-६ इंजेक्शनच्या गाड्यांना तर हे करूच नये. सायलेन्सरमध्ये सेन्सर, इनटेकमध्ये सेन्सर. एक हलवला की मीटरवर दिवा लागतो आणि मग लॅपटॉपवाला शोधा. तुझी कार्ब्युरेटरची आहे, त्या मानाने सुखी आहेस.

श्टुटगार्टचा_पंत
इकडे जर्मनीत बदल चालतात, पण प्रत्येक पार्टचा कागद लागतो. हँडलबार घेतला तर पॅकिंगमध्ये परवानगीपत्र येतं. ते नसेल तर गाडी ट्यूफकडे तपासणीला न्यायची, इंजिनीअर बसून बघतो, नोंद झाली की कायदेशीर. न नोंदवता लावलं तर गाडीची रस्त्यावर चालायची परवानगीच रद्द होऊ शकते. माझ्या शेजाऱ्याने जुन्या बीएमडब्ल्यूची मागची चेसिस बदलली, त्याच्या कागदांची फाइल सीटपेक्षा जाड आहे. कटकट खरी, पण मार्ग तरी आहे. आपल्याकडे "नाही" आणि "कोण बघतंय" यांच्यामध्ये काहीच नाही. मुंबईचे 'वर्देंची', जयपूरचे 'राजपुताना कस्टम्स' असे गाड्या बदलून देणारे नावाजलेले लोक आपल्याकडे आहेत, गल्लोगल्ली हात चालणारे मिस्त्री आहेत, आणि त्यांनी केलेलं चांगलं काम तपासून त्यावर शिक्का मारणारी सोय नाही. मला ही गोष्ट जास्त खटकते.

उद्यमनगर_मिस्त्री
पंत, लाखातलं बोललात. तपासायला कुणी असतं तर निम्मे ग्राइंडरवाले गप बसले असते.

इडियल_येझदी
अवांतर: ज्यांच्याकडे खरंच जुनी गाडी आहे त्यांनी थोडं थांबा. २०२१मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. पहिली नोंदणी होऊन ५० वर्षं झालेली हवीत आणि गाडी मूळ रूपात हवी, चेसिस आणि इंजिनमध्ये मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीची फी २० हजार. म्हैसूरच्या आयडियल जावाच्या सुरुवातीच्या गाड्या या वयात बसतात, सत्तरच्या दशकातल्या येझदी आत्ता आत्ता बसायला लागल्यात. अशी एक गाडी कापून बॉबर केली की हा दरवाजा बंद. यामाहाच्या आरएक्स १००चंही तसंच, १९९६नंतर ती बनलेली नाही. मूळ टाकी, मूळ साइड कव्हर यांना आता लोक सोन्याच्या मोलाने विचारतात आणि कुणी त्यांनाच ग्राइंडर लावतं तेव्हा बघवत नाही. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा डेला या, दाखवतो मूळ रूप म्हणजे काय ते.

थंडरबर्ड त्या पंगतीत नाही. तिच्यावर प्रयोग केलास तर मला दुःख होणार नाही.

ठेंगणी_ठुसकी
सगळे फक्त घाबरवतायत, म्हणून दुसरी बाजू सांगते. माझी उंची पाच फूट एक इंच. बाबांची जुनी युनिकॉर्न पडून होती, भंगारवाला किलोवर न्यायला तयार होता. ती मी रेट्रो केली. एकही ठिकाणी कापलं नाही.

सीटचा खालचा सांगाडा भंगारातून दुसरा आणला, म्हणजे मूळ सीट शाबूत. सीटवाल्याकडे बसून फोम कोरून घेतला: खाली कडक फोम, वर बोटभर मऊ, आणि पुढचा भाग दोन्ही मांड्यांच्या बाजूने अरुंद, कारण पाय जमिनीला टेकतात ते तिथल्या रुंदीवर ठरतं, नुसत्या उंचीवर नाही. लोक सीट खाली करायला शॉकॉब्सर आखूड करतात, तसं केलं तर गाडीचा कल बदलतो आणि स्पीडब्रेकरला पोट घासतं. मी शॉकॉब्सरला हात लावला नाही. सीटची लांबी दोघांची ठेवली. हँडल सपाट, एका बारचं, मूळ क्लॅम्पवरच बसणारं. आरसे मूळचेच. टाकीला बाटलीहिरवा रंग, आरसीवर नोंदवून. सायलेन्सर कंपनीचा, फक्त उष्णतारोधक काळा रंग दिलाय. काढलेले सगळे पार्ट पोत्यात बांधून माळ्यावर.

खर्च तुझ्या ८० हजारांच्या चौथ्या हिश्श्याच्याही आत. पण पैशापेक्षा मोठं हे की आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मापाची गाडी मला मिळाली. कंपन्या साडेपाच फुटांच्या पुरुषाला बसवून गाडी बनवतात, बाकीच्यांनी पंजावर उभं राहायचं. आणि हे करताना कार्ब्युरेटर उघडायला शिकले, साखळी ताणायला शिकले. घाटात बंद पडली तर आता फोन शोधत नाही.

पक्षकार
ठेंगणी_ठुसकी, तुमच्या यादीत मला रात्रीची झोप उडवेल असं काही दिसत नाही. हँडल मात्र काटेकोर अर्थाने कुंपणावरच आहे. आणि कृपया कुणी "पासिंगपुरतं जुनं लावू, मग परत बदलू" असा सल्ला इथे देऊ नका. पासिंग होईल, अपघाताच्या दिवशी गाडी कुठल्या रूपात होती हेच बघितलं जाईल.

बिनसायलेन्सर
ठेंगणी, गाडीचा फोटो टाक ना. हिरवा कुठला घेतलास?

चाकणचा_शिफ्टवाला
मुळात ८० हजार घालायचे कशाला? त्यात रिअरसेटचे १३, जेटिंगचे वेगळे, लाखाला टेकणार. थंडरबर्ड मूळ रूपात विकलीस तर गिऱ्हाईक मिळेल. कापलेली विकायला काढलीस तर "आवडली" म्हणणारे शंभर, पैसे देणारा एक नाही. ते पैसे आणि हे पैसे मिळून एनफिल्डचीच हंटर किंवा सेकंडहँड कॉन्टिनेंटल जीटी ६५० बघ. आमच्या चाकणला बजाज बनवतंय ती ट्रायम्फ स्पीड ४०० बघ. फॅक्टरीची रेट्रो, एबीएससकट, वॉरंटीसकट, आरसीत जशी तशी रस्त्यावर.

नानापेठकर
हिशोब बरोबर आहे, पण माणूस दादाची गाडी विकायला आलेला नाही इथे. त्याला ती ठेवायचीये.

सह्यवेडा
नानापेठकर, अगदी. विकायची नाहीच.

मंडळी, खूप आभार. गॅरेजवाल्याला चेसिस उघडी दाखवशील का म्हणून विचारलं, "आमच्यावर विश्वास नाही का" म्हणाला. गाडी घरी आणली. आता असं ठरतंय: चेसिसला हात नाही, एअरफिल्टरचा डबा तसाच, सायलेन्सर तोच. पासिंग आहे त्या रूपात आधी. मग मागचा मडगार्ड नवा पण मूळ मापाचा, दोघांची सपाट सीट (बायकोने कापड स्वतः निवडलंय, तपकिरी), टाकीला रंग आणि त्याची नोंद. क्लिप-ऑन रद्द. मूळच्यापेक्षा थोडं बुटकं हँडल मूळ क्लॅम्पवर बसवावं असं मनात आहे. पक्षकारांचं कुंपण लक्षात आहे, विमा कंपनीला आधी लेखी विचारून मगच. कॅफे रेसर म्हणवणार नाही बहुतेक.

हँडल बुटकं केलं तर केबल बदलाव्या लागतात का?

बिनसायलेन्सर
चहा टपरी रेसर म्हण.

कार्ब्युरेटर_काका
दोन-तीन इंचांचाच फरक असेल तर मूळ केबल चालतात, पण जास्तीची लांबी कुठे जाते ते बघावं लागतं. क्लचची केबल हेडलाइटच्या मागून मोठ्या वळणाने ने. घट्ट वळण दिलंस तर क्लच जड होतो आणि आतली तार लवकर तुटते. पुढच्या डिस्कचा होज टाकीला किंवा फोर्कला घासत नाही ना ते बघ.

सगळं बसवून झालं की गाडी सेंटर स्टँडवर, न्यूट्रलमध्ये चालू ठेव आणि हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरव. रेस आपोआप वाढली तर थ्रॉटलची केबल ताणली जातेय. तशी गाडी गेटबाहेर काढू नकोस, यू-टर्नला स्वतःच पळेल. टाकीवर अंगठा चेमटतोय का तेही त्याच वेळी बघून घे.